रेशीम पतंगाचे उपकुल वारंवार चुकते: कारणे, तपासणी आणि उपाय

मोठ्या पतंगाचे छायाचित्र समोर येते, पंखांवर डोळ्यासारखे ठिपके दिसतात, कुणीतरी एक नाव सुचवते, दुसरे कुणी त्याला अगदी वेगळ्या उपकुलात टाकते, आणि दोघांनाही आपापल्या पुस्तकात तसेच चित्र सापडते. सॅटर्निइडी या रेशीम पतंगांच्या कुलाबाबत हा घोळ इतका नेहमीचा आहे की त्यामागे निष्काळजीपणा असेल असे म्हणवत नाही. चूक होते ती पाहण्याच्या क्रमात. रंग, आकारमान, नेत्रठिपके आणि शेपट्या या चार गोष्टी सर्वांत आधी नजरेत भरतात, आणि उपकुल ठरवण्याच्या कामी नेमक्या याच चार गोष्टी सर्वांत कमी भरवशाच्या आहेत. शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शेंद्रियांची) रचना, पंखांतील शिरा आणि पतंग मिळाल्याचे ठिकाण यांवरून बहुतेक वाद मिटतात. मात्र त्या गोष्टी छायाचित्रात आपोआप येत नाहीत, त्या मुद्दाम पाहाव्या आणि नोंदवाव्या लागतात.

नेत्रठिपके आणि शेपट्या का फसवतात

भक्षकाला दचकवण्यासाठी किंवा त्याचा वार शरीरावरून पंखाच्या कडेकडे वळवण्यासाठी जी रचना उपयोगी पडते, ती उत्क्रांतीत एकदाच निर्माण होऊन थांबत नाही. एकमेकांपासून लांब असलेल्या शाखांमध्ये ती पुन्हा पुन्हा उद्भवते. वटवाघळे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शिकार करतात, आणि चंद्र पतंगाच्या लांब, पीळ पडलेल्या शेपट्या त्यांचा हल्ला शरीरापासून दूर ओढून घेतात, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. इतका फायदा असल्यामुळेच अशा शेपट्या चंद्र पतंगांच्या ॲक्टियास प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहेत, मादागास्करच्या आर्जेमात आहेत, आफ्रिकेच्या युडेमोनियात त्या शरीराच्या कित्येक पट लांब आहेत, अमेरिका खंडातील कोपिओप्टेरिक्स प्रजातीतही आहेत, आणि ही शेवटची प्रजाती तर आर्सेन्युरिनी या वेगळ्याच उपकुलातील आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतील कॉसिनोसेरा हर्क्युलिस हा पतंग ॲटलास पतंगाच्या गटातला असूनही त्याच्या नराला शेपट्या असतात आणि मादीच्या मागच्या पंखांवर त्यांच्या जागी नुसते रुंद फुगवटे असतात. म्हणजे या जातीत शेपटीवरून उपकुल तर कळत नाहीच, उलट त्याच जातीची मादी दुसऱ्याच गटातली वाटण्याचा धोका असतो.

नेत्रठिपक्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. युरोपातील सॅटर्निया पॅव्होनियाच्या चारही पंखांवर ते असतात आणि पतंग बसलेला असताना उघड दिसतात. अमेरिका खंडातील ऑटोमेरिस प्रजातीत ठळक ठिपके फक्त मागच्या पंखांवर असतात. बसताना वाळक्या पानासारखे पुढचे पंख त्यांच्यावर छपरासारखे पसरलेले असतात, आणि पतंगाला डिवचले की ते एकदम उघडे पडतात. आशियातील सालासा प्रजातीतही मागच्या पंखांवर मोठे नेत्रठिपके आहेत. या तिघांची उपकुले अनुक्रमे सॅटर्निइनी, हेमिल्युसिनी आणि सालासिनी अशी तीन वेगवेगळी आहेत. एरेबस प्रजातीचे मोठे काळपट पतंग तर या कुलातच मोडत नाहीत. त्यांच्या पुढच्या पंखावरील भलामोठा डोळा पाहून त्यांना रेशीम पतंग म्हटले जाते, पण त्यांच्या शृंगिका दोऱ्यासारख्या असतात आणि डोक्याखाली गुंडाळलेली लांब सोंड स्पष्ट दिसते.

आधी कुलाची खात्री

उपकुलाच्या वादांपैकी बरेच वाद मुळात कुल चुकल्यामुळे झालेले असतात. सॅटर्निइडीतील प्रौढ पतंगाची सोंड अगदी खुरटलेली किंवा जवळजवळ नाहीशी झालेली असते, कारण बहुतेक जाती प्रौढावस्थेत काहीही खात नाहीत. लांब, कार्यक्षम सोंड आणि दोऱ्यासारख्या शृंगिका एकत्र दिसल्या की पुढची तपासणी तिथेच थांबवावी. लायसा प्रजातीचे शेपटीवाले पतंग या एकाच कसोटीवर बाहेर पडतात. त्यानंतर पुढचा पंख बारीक कुंचल्याने अलगद वर उचलून मागच्या पंखाच्या बुडाशी पाहावे. अनेक पतंगांमध्ये तेथे एक ताठ केस किंवा केसांचा झुबका असतो आणि तो पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला अडकून दोन्ही पंख एकत्र हलवतो. बहुतेक रेशीम पतंगांत हा केस नसतो. त्याऐवजी मागच्या पंखाच्या बुडाकडील कड रुंद होऊन पुढच्या पंखाखाली सरकलेली असते.

एवढ्याने काम पूर्ण होत नाही, कारण लॅसिओकॅम्पिडी कुलातील लठ्ठ, केसाळ पतंगांतही तो केस नसतो. तेथे शिरांकडे वळावे लागते. पंखाच्या मध्यकोशातून (शिरांमधल्या मोठ्या मधल्या जागेतून) बाहेर पडणाऱ्या तीन मध्यशिरांपैकी दुसरी शीर लॅसिओकॅम्पिडीत तिसरीच्या जवळून निघते. रेशीम पतंगांत ती पहिलीच्या जवळून किंवा साधारण मधून निघते. लॅसिओकॅम्पिडीत मागच्या पंखाच्या बुडाशी, पुढच्या कडेकडे जाणाऱ्या आखूड जादा शिराही बहुधा आढळतात. तुतीचा रेशीम पतंग, म्हणजे बॉम्बिक्स मोरी, हा नावामुळे हमखास सॅटर्निइडीत घुसवला जातो. तो बॉम्बिसिडी या शेजारच्या कुलातला आहे, त्याच्या नर आणि मादी दोघांच्याही शृंगिकांच्या प्रत्येक खंडावर दात्यांची (बाजूंना निघणाऱ्या बारीक फांद्यांची) एकच जोडी असते, आणि त्याच्या अळीच्या मागच्या टोकाशी एक छोटे शिंग असते. टसर, मूगा आणि एरी रेशमाचे पतंग मात्र खरोखरच सॅटर्निइडीतले, आणि तिघेही सॅटर्निइनी उपकुलातले आहेत.

ठिकाण: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा

माझ्या मते निम्मे वाद केवळ या एका नोंदीने मिटतील. सेरॅटोकॅम्पिनी, हेमिल्युसिनी, आर्सेन्युरिनी, ऑक्सिटेनिनी आणि सर्कोफॅनिनी ही पाचही उपकुले नैसर्गिकरीत्या फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. एग्लिइनी युरोप आणि समशीतोष्ण आशियात आहे, तर सालासिनी हिमालयापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. सॅटर्निइनी तेवढी सर्व खंडांत पसरलेली आहे. याचा सरळ अर्थ असा, की आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मोकळ्या रानात मिळालेला रेशीम पतंग सॅटर्निइनीचा असणार, आशियातल्या पतंगासाठी तीनच पर्याय उरतात, आणि खरी निवड करावी लागते ती अमेरिका खंडातल्या पतंगांबाबत. रेशमासाठी 19व्या शतकात बाहेर नेलेला सॅमिया सिंथिया आज मूळ प्रदेशाबाहेरही आढळतो, पण तो सॅटर्निइनीचाच असल्याने हे गणित बिघडत नाही. पाळलेल्या किंवा विकत घेतलेल्या नमुन्यांना मात्र हा नियम लावू नये. त्यांच्यावर ‘पाळीव’ अशी स्पष्ट नोंद नसेल तर ठिकाणाचा पुरावा उलट दिशाभूल करतो.

लोएपा आणि इॲक्लिस यांची गल्लत या दृष्टीने बोलकी आहे. दोन्ही पतंग पिवळेधमक, दोन्ही मोठे, दोघांच्याही पंखांवर तांबूस-जांभळट खुणा. लोएपा आशियातला आणि सॅटर्निइनीचा. इॲक्लिस इम्पेरियालिस अमेरिकेतला आणि सेरॅटोकॅम्पिनीचा. ठिकाण माहीत असेल तर प्रश्नच उरत नाही. ते माहीत नसेल तर नराच्या शृंगिकेचे टोक पाहावे, आणि ही कसोटी थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे.

शृंगिका कशा वाचाव्यात

शृंगिका ‘पिसासारखी’ आहे एवढी नोंद जवळजवळ निरुपयोगी असते, कारण कुठल्याही उपकुलातला नर तिच्यात बसू शकतो. दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: एका खंडावर दात्यांच्या किती जोड्या आहेत, आणि दाते टोकापर्यंत जातात की मध्येच थांबतात.

पहिल्या प्रश्नासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. शृंगिकेचा मधला दांडा खंडांचा बनलेला असतो आणि दोन खंडांमधला सांधा बारीक आडव्या रेषेसारखा दिसतो. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत, एकाच बाजूचे दाते मोजावेत. एकच दाता निघत असेल तर खंडावर एक जोडी आहे. दोन दाते निघत असतील, एक खंडाच्या बुडाशी आणि एक शेंड्याशी, तर दोन जोड्या आहेत. सॅटर्निइनीच्या नरात दोन जोड्या ही ठरलेली गोष्ट आहे. मोजताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो सांधे न पाहता नुसते दाते मोजल्यामुळे: दाट, लांब दाते एकमेकांवर टेकलेले असतात, एका खंडाचा शेंड्याचा दाता आणि पुढच्या खंडाचा बुडाचा दाता जोडीने उभे राहतात, आणि ती एकाच खंडाची जोडी वाटते. उजेड वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकला की सांध्यांची सावली पडते आणि खंड वेगळे होतात. वाळलेल्या नमुन्यात दाते मिटून दांड्याला चिकटलेले असतील, तर नमुना ओलसर बंद डब्यात ठेवून मऊ करावा आणि मगच मोजावे. कोरडे दाते सुईने उघडू गेल्यास तुटतात आणि पुरावाच नाहीसा होतो.

दुसरा प्रश्न सेरॅटोकॅम्पिनीसाठी निर्णायक आहे. या उपकुलातील नराच्या शृंगिकेवर दाते बुडापासून काही अंतरापर्यंतच असतात; टोकाकडचा लांब भाग साध्या दोऱ्यासारखा उघडा असतो. सॅटर्निइनीत दाते थेट टोकापर्यंत जातात, फक्त हळूहळू आखूड होत जातात. इॲक्लिस आणि लोएपा यांतला फरक येथे उघड्यावर पडतो. या कसोटीत तुटलेल्या शृंगिकेची अडचण येते. टोक मोडलेले असेल तर उरलेला भाग सगळाच दातेरी दिसतो आणि सेरॅटोकॅम्पिनीचा नर सॅटर्निइनीत जाऊन बसतो. म्हणून दोन्ही शृंगिका पाहाव्यात, त्यांची लांबी ताडून पाहावी, आणि टोक निमुळते आहे की बोथट कापल्यासारखे आहे ते लिहून ठेवावे.

मादीच्या बाबतीत हे सर्व बदलते, आणि वर्णन-किल्ल्या (ओळख पटवण्यासाठी लक्षणांच्या क्रमवार याद्या) नराला धरून लिहिलेल्या असतात हे विसरल्याने बराच गोंधळ होतो. सेरॅटोकॅम्पिनीच्या मादीच्या शृंगिका दोऱ्यासारख्या असतात. सॅटर्निइनीच्या मादीच्या शृंगिकांना दाते असतात, पण ते नराच्या मानाने आखूड असतात आणि नुसत्या डोळ्यांना कधी कधी दिसतही नाहीत. तेव्हा जाड, अंड्यांनी भरलेले पोट आणि अरुंद शृंगिका दिसल्या की प्रथम ‘मादी’ असे लिहावे आणि मगच भिंग उचलावे. लिंगभेदामुळे रंगही पार बदलतो: कॅलोसॅमिया प्रोमेथियाचा नर जवळजवळ काळा असतो आणि दिवसा उडतो, मादी तांबूस-तपकिरी असते, ऑटोमेरिस आयोचा नर पिवळा, मादीचे पुढचे पंख तांबूस किंवा तपकिरी. अशा नर-मादींना केवळ छायाचित्रांवरून दोन वेगळ्या उपकुलांत टाकले गेले तर नवल नाही.

पारदर्शक खिडक्या आणि मध्यकोश

सॅटर्निइनीच्या आत निदान दोन मोठे गट ओळखता आले तर काम बरेच सोपे होते. ॲटलास पतंगाच्या गटात पंखाच्या मध्यावर खवल्यांविना राहिलेली पारदर्शक खिडकी असते: ॲटॅकसमध्ये साधारण त्रिकोणी, सॅमियात चंद्रकोरीसारखी. परंतु खिडकी दिसली म्हणजे हाच गट असे मात्र नाही. क्रिक्युला ट्रायफेनेस्ट्राटा या जातीच्या पुढच्या पंखावरही पारदर्शक ठिपके असतात, आणि टसर पतंगांच्या अँथेरिया प्रजातीत नेत्रठिपक्याचा मध्यच पारदर्शक असतो. हे दोन्ही सॅटर्नियाच्या गटात येतात. खरा फरक शिरांत आहे. ॲटलास गटात मध्यकोश बाहेरच्या बाजूने उघडा असतो, म्हणजे त्याला बंद करणारी आडवी शीर तेथे नसते. सॅटर्नियाच्या गटात ती असते आणि नेत्रठिपका नेमका तिच्यावर बसलेला असतो.

शिरा पाहण्यासाठी खवले खरवडण्याची गरज नाही. वाळलेल्या नमुन्याच्या पंखावर खालच्या बाजूने अल्कोहोलचा एखादा थेंब सोडला की खवले क्षणभर पारदर्शक होतात आणि शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. अल्कोहोल उडून गेले की पंख पूर्ववत होतो. जिवंत पतंगावर हा प्रयोग करू नये. तो भिंतीवर किंवा पानावर बसलेला असेल तर मागून उजेड येईल अशा कोनातून छायाचित्र घ्यावे. पाण्याचा थेंब या कामी चालत नाही. खवल्यांवरून तो घरंगळून जातो.

ॲटलास गटाच्या आतही एक नेहमीची अदलाबदल होते. आर्किओॲटॅकस एडवर्डसीला सर्रास ॲटॅकस ॲटलास म्हटले जाते. एडवर्डसीचा रंग अधिक गडद, पिंगट-तांबूस असतो, आणि त्याचे पोट बहुतांशी पांढरे असते. हे पांढरे पोट साध्या छायाचित्रातही दिसते. येथे उपकुल चुकत नाही, पण या दोन प्रजातींची सरमिसळ झालेल्या नोंदी पुढे प्रसाराच्या नकाशांत जातात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

लहान उपकुलांच्या खुणा

एग्लिइनी ओळखायला सोपी आहे. एग्लिया ताऊ या पतंगाच्या चारही पंखांवर निळसर-काळा ठिपका असून त्यात ग्रीक ‘ताऊ’ अक्षरासारखी पांढरी खूण असते, आणि बसताना तो फुलपाखरासारखे पंख पाठीवर मिटून घेतो. त्याचे नर वसंतात दिवसा बीच वृक्षांच्या रानात उडतात. ऑक्सिटेनिनीचे पतंग वाळक्या पानाची इतकी हुबेहूब नक्कल करतात की त्यांना रेशीम पतंग मानायलाच मन तयार होत नाही. आर्सेन्युरिनीत बऱ्याच जाती मोठ्या, तपकिरी, लाकडाच्या सालीसारख्या रेषा असलेल्या आहेत, आणि नुसत्या छायाचित्रावरून त्यांना हेमिल्युसिनीपासून वेगळे करणे खरोखरच कठीण जाते. अशा वेळी अळीची माहिती मिळाल्यास ती वापरावी.

अळी आणि कोष यांचा आधार

प्रौढ पतंग जेथे अडवतो तेथे पूर्वावस्था वाट काढून देते. हेमिल्युसिनीच्या अळ्यांच्या अंगावर फांद्यांसारखे विभागलेले विषारी काटे असतात. दक्षिण अमेरिकेतील लोनोमिया ऑब्लिक्वाच्या काट्यांचा स्पर्श रक्तस्राव घडवून जिवावर बेतू शकतो. त्यावरील प्रतिविष ब्राझीलमधील बुतांतान संस्थेत तयार होते. त्यामुळे अमेरिका खंडातली काटेरी अळी ‘तपासण्यासाठी’ हातात घेऊ नये, लांबून छायाचित्र घ्यावे. सेरॅटोकॅम्पिनीच्या अळ्यांच्या छातीवर लांब शिंगे असतात, आणि त्या जमिनीत शिरून रेशमाच्या कोषाशिवायच प्यूपा (अळी आणि पतंग यांमधली निश्चल अवस्था) होतात. आर्सेन्युरिनीच्या कोवळ्या अळ्यांनाही लांब शिंगांसारखे उंचवटे असतात, पण वाढ पूर्ण होईपर्यंत ते गळून जातात. तेव्हा शिंगे पाहिली तर अळी कोणत्या टप्प्यातली आहे तेही लिहावे.

‘रेशमाचा कोष आहे म्हणून सॅटर्निइनी, नाही म्हणून दुसरे काही’ असा सोपा नियम मांडला जातो, तो अर्धाच खरा आहे. अँथेरिया, ॲटॅकस आणि सॅमिया यांचे कोष घट्ट आणि ठळक असतात हे खरे. पण आफ्रिकेतील ब्युनिया गटाच्या अळ्या, ज्यांत खाण्यासाठी गोळा केली जाणारी मोपाने अळी म्हणजे गोनिम्ब्रासिया बेलिना येते, सॅटर्निइनीतल्या असूनही कोष न विणता जमिनीतच प्यूपा होतात. कोषाचा अभाव हा स्वतंत्र पुरावा मानू नये; तो नेहमी ठिकाण आणि शृंगिकांबरोबर वाचावा.

जुनी नावे आणि न सुटणारे नमुने

कधी कधी ओळख बरोबर असते आणि वाद निव्वळ नावाचा असतो. जुन्या ग्रंथांत या कुलाला ॲटॅसिडी म्हटलेले आढळते, सेरॅटोकॅम्पिनीचे पतंग सिथेरोनिइडी या स्वतंत्र कुलात टाकलेले असतात, आणि ऑक्सिटेनिनी व सर्कोफॅनिनी यांनाही वेगळी कुले मानलेले असते. चार्ल्स मिशेनर यांनी 1952 मध्ये पश्चिम गोलार्धातील पतंगांची जी मांडणी केली, तिच्यावर पुढच्या वर्गीकरणाचा मोठा भाग उभा आहे. (हेच मिशेनर जगभर अधिक ओळखले जातात ते मधमाश्यांच्या अभ्यासामुळे.) आफ्रिकेतील लुडिया आणि तिच्या जवळच्या प्रजातींसाठी पूर्वी लुडिइनी हे वेगळे उपकुल मानले जाई, आता त्या सॅटर्निइनीतच धरल्या जातात. दोन पुस्तकांत दोन उपकुले दिसली तर प्रथम त्यांची प्रकाशन वर्षे ताडून पाहावीत, आणि नोंदीत कोणत्या वर्गीकरणानुसार नाव दिले तेही लिहावे.

काही नमुने तरीही सुटत नाहीत. प्रौढ रेशीम पतंग जेमतेम आठवडाभर जगतात, आणि तेवढ्यात पंखांच्या कडा फाटतात, खवले झडतात. शृंगिकाही गेलेली, मादी, आणि ठिकाण फक्त ‘दक्षिण अमेरिका’ इतकेच, असा नमुना ‘सॅटर्निइडी, उपकुल अनिश्चित’ या चिठ्ठीनिशी ठेवणे हेच योग्य आहे. ठिपक्यांवरून अंदाजाने लिहिलेले उपकुल संग्रहात वर्षानुवर्षे टिकते आणि पुढचा माणूस ते तपासलेले समजून वापरतो. नमुना ताजा असेल तर त्याचा एक पाय काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये जपावा, म्हणजे पुढे डीएनए तपासणी करता येते. आणि पायाच्या कुपीवर व टाचलेल्या पतंगावर एकच क्रमांक टाकावा, कारण ही जोडी तुटली की दोन्हींचा उपयोग संपतो.